आठ जीबीची मशीन आणि माझी यात्रा

राव, यंदा मी गावच्या यात्रेला का नव्हतो, सांगतो. आमचे सुपरवायझर संतोषभाऊ रजेला कुणालाच नाही म्हणत नाहीत. मी यात्रेसाठी आठ दिवस मागितले, तेही लगेच मंजूर. म्हटलं, भाऊंची जरा गंमत करू. निघोज्यातल्या आमच्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर नुसती मेमरी मागत सुटणारा प्रोग्रॅम लिहून त्यांना दाखवला. मशीनमध्ये मेमरी आठ जीबी, पण ऑपरेटिंग सिस्टिमनं शंभर जीबीला हो म्हटलं.

"अरे, नसलेली देतंय कुठून?"

"देत नाही भाऊ, नुसतं हो म्हणतं. सगळे प्रोग्रॅम मागितलेली मेमरी एकदम वापरणार नाहीत, या भरवशावर. तुमच्यासारखंच."

भाऊ हसले नाहीत. "आणि सगळ्यांनी एकदमच वापरायला काढली तर?"

"मग बहुतेक ज्यानं सगळ्यात जास्त घेतलीय, त्यालाच बंद करतं. बाकीचे चालू राहतात."



"यंदा सगळ्यांच्या यात्रा एकाच आठवड्यात आल्यात रे," भाऊ हळूच म्हणाले. "लाइन चालवायला माणूसच उरत नाही."

मग त्यांनी रजेचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

"भावा, सगळ्यात जास्त दिवस कुणाचे आहेत, बघ बरं."

मी बघितलं नाही. पाठच होतं.