नॉर्वेची स्वस्त वीज

अरे, नॉर्वेचं नाव काढू नका माझ्यासमोर, आधीच दमलोय. इथे अमेरिकेत माझी बॉस म्हणाली, "आपल्या अ‍ॅशबर्नच्या डेटा सेंटरचं वीजबिल परवडत नाहीये, नॉर्वे कसं पडेल ते बघ." तीन वीकेंड घालवले यार! तिथे पाण्यावर केवढी स्वस्त वीज होते, हवा इतकी गार की कूलिंगचा खर्च वाचतो, सगळं स्लाइड्समध्ये दाखवलं. वाटलं, खूश होऊन ग्रीन कार्डचं बघेल.

ती म्हणाली, "ब्रिलियंट! सेंटर तिकडेच हलवतोय."

"आणि आमची टीम?"

"तिकडे माणसंही मिळतात, तूच लिहिलंयस की."

आता व्हिसाच्या नियमाने साठ दिवसांत नवी नोकरी शोधा, नाहीतर भारतात परत जा. रूममेट निखिल म्हणतो, "गाढवा, निदान एक स्लाइड तरी भिकार करायचीस!"