लाल पाटी

नाही, कापायचं नाही! तुझी कंपनी जुनी रेकॉर्ड नव्याने काढणार, त्यातली ती चार मिनिटं गाळणार, आणि कागदावर माझा अंगठा हवा — कशाला, तर म्हातारीला ऐकून त्रास होईल? अरे बाबा, तुझा जन्म नव्हता तेव्हा मी त्या रेकॉर्डिंगच्या खोलीत उभी होते. बस, खुर्ची नुसती कुरकुरते, मोडत नाही. जाणकार म्हणे त्या जागी डोळे मिटून माना डोलावतात. डोलावू देत. तिथे माझ्या नवऱ्याची बोटं मोडतायत.

ऐक. वाजवणारे नऊ, आणि कागदावर एक सूर लिहिलेला नाही. ज्याला जे सुचेल ते त्याने वाजवायचं — पण मोकाट नाही हं, त्यालाही कायदा होता. त्यांच्या म्होरक्याला सगळे दाढी म्हणायचे, त्याने रंगीत पाट्या केलेल्या. हिरवी वर गेली की सगळे एकदम. पांढरी, की एकट्याने. पिवळी म्हणजे दोघांनी वाद्यांवर भांडायचं, बाकीच्यांनी त्या भांडणाला उत्तर द्यायचं. आणि लाल म्हणजे थांबा — लाल दिसेपर्यंत छप्पर कोसळलं तरी हात थांबता कामा नये. पाट्या धरायला मी! का, तर मला अक्षरओळख नाही. दाढी म्हणाला, "वहिनी, शिकलेला माणूस विचार करत बसतो. तुम्ही मनात येईल तेव्हा हात वर करा."

केली मी पिवळी वर. माझा नवरा ट्रम्पेटवाला, समोर ड्रमवाला. नवऱ्याने काय करावं? उठला, ट्रम्पेटचं तोंड त्याच्या कानाला लावलं आणि असा फुंकला — कानातून रक्त आलं रे! ड्रमवाल्याने ड्रमशेजारची झांज ज्यावर बसवतात तो लोखंडी दांडा उपसला. पहिला घाव खांद्यावर. हा कोलमडला ड्रमवर, उजवा हात पसरलेला, मग त्या हातावर — एक, दोन, मोजले नाहीत मी. हा गुरासारखा ओरडतोय, आणि बाकीचे सात जण प्रत्येक घावाला उत्तर देतायत! व्हायोलिनवाली रडतेय आणि वाजवतेय. काचेपलीकडे यंत्रापाशी दाढी — आवाज येत नव्हता, पण ओठ दिसत होते — "लाल! वहिनी, लाल!"

गारठले असेन म्हणतोस? सगळे तेच म्हणाले. पोलिसालाही मी तेच सांगितलं — हात उचलेना, साहेब. लाल पाटी तर मी पायाखाली घेतली — म्हणजे पडली, पाय चुकून पडला वर... बघ, काय बोलून गेले.

आता बोललेच आहे तर इथे हात लाव, जबड्याला. घाबरतोस काय, लाव! हाड तिरकं बसलंय ना? ते त्या दिवसाच्या आधीचं. नंतरचा अंगावर एक वळ दाखव. त्या उजव्या हाताची मूठ पुन्हा वळलीच नाही. एकवीस वर्षं जगला, घास मी भरवला — डावा हात धड होता, पण डाव्याने मारायची सवय नव्हती त्याला.

चौदा वर्षं मी मार खाल्ला, आणि तुला चार मिनिटं जास्त होतात? सगळी ठेवणार असशील तर अंगठा देते, नाहीतर तो कागद फाड. आणि असा बघू नकोस माझ्याकडे. ऊठ. दार ओढून घे.