भिंगरीचा तुंबा

कुत्रं शिकवाचं असन तं मले इचारू नका बाप्पा. सुनेनं घुग्घुसवरून पिल्लू आनलं होतं, बाप केसाळ अन् माय गावठी. दिवसभर गरगर फिरे, म्हनून नाव भिंगरी. तिची मस्ती जिरवाले मी जुन्या जाळ्याचा तुंबा, म्हंजे जाळं तरंगत ठेवाचा वाळला भोपळा, तलावात फेको. ती पोहत जाऊन आने, माह्या पायाजवळ ठेवे अन् शाबासकीची वाट पाहात बसे.

सून म्हने, "मामाजी, लाकूड फेका ना, तुंबा काऊन?"

मी म्हनलो, "तू भाकरी पाह्य."

मंग एक दिवस आमच्या गावानं शेजारच्या गावासंग तलावात मोठं जाळं टाकलं. तुंबे रांगेनं तरंगताना दिसले अन् भिंगरीनं उडी घेतली. तुंब्यांची दोरीच कुरतडली. जाळ्याची कड बुडाली, मासे वरून पसार. दोनी गावचे वाटे गेले!

पल्याडचा पाटील बोंबलला, "कोनाचं होय रे हे कुत्रं?"

माह्या गावचे माह्याकडं पाहाले लागले. मीच म्हनलो, "असन कोनाचं तरी मोकाट!"

तेवढ्यात भिंगरी साऱ्यायच्या मधून आली अन् तुंबा माह्या पायाजवळ ठेवला. मले मान वर कराची हिंमत नाई झाली. खाली पाहावं, तं ती शेपटी हालवत शाबासकीची वाट पाहून राह्यली.