गळ्याशी एक मणी

मनुरेवा या परदेशी उपनगराच्या बसथांब्यावर माझ्यापुढे एक मराठी जोडपं उभं होतं.

“इरावती, सोमवारपासून लेक्चर्स सुरू कर. घरात बसून काय होणार?”

“परत सॅक्सन कबरीच शिकवू, यतीन?”

“तुझाच विषय आहे ना?”

“इंग्लंडला उत्खननात एका तान्ह्या बाळाची कबर खणली होती मी. दीड हजार वर्षांपूर्वीची. गळ्याशी एकच मणी होता. आईनेच ठेवला असेल.”

“नको ना आता.”

“आपल्या बाळाला पुरताना मीही मंगळसूत्रातला मणी काढत होते. तू हात धरलास.”

“आई फोनवर रडत होती गं. मंगळसूत्र तोडायचं नसतं म्हणाली.”

“कबरीत काहीच सापडलं नाही, की आम्ही काय म्हणायचो माहितीये? बिचाऱ्याला कुणी नसेल.”