फाइलमधली सही

वॉर्डाचा खर्च तपासणाऱ्या नागरिक समितीत मला घेतलं आणि पहिल्याच बैठकीत एक फाइल हाती आली, यार. लखनौच्या आमच्या गल्लीत जी सांडपाण्याची नाली कधी झालीच नाही, ती फाइलमध्ये पूर्ण होती. खाली रहिवाशाचा शेरा 'काम संतोषजनक' आणि सही आमच्या हिची!

मी गुपचूप फाइल मिटली. घरी येरझाऱ्या घालत राहिलो, शेवटी हिला विचारलंच.

"अहो, एक माणूस कागद घेऊन दारात आला, म्हणाला, सर्वे है आंटी. केली मी सही. उद्या मला बैठकीला न्या."

"अगं, नाव खराब होईल आपलं."

"न्या म्हणते ना!"

दुसऱ्या दिवशी ही सगळ्यांदेखत पालिकेच्या इंजिनीअरसमोर उभी राहिली. "साइन मेरा ही है, भैया. चलिए, अब नाली दिखाइए."