मुराळी पोचला का?

मंडळी,

आज सकाळी काटाघराचा पडदा पुन्हा बिघडला. उसाची वजनं घेणाऱ्या सिंधूताईंनीच फोन करून सांगितलं, "साहेब, आकडे दिसत्यात, नावं गेली." मी सवयीनं म्हणालो, "दत्ताभाऊंना बोलवा."

दत्ताभाऊंना जाऊन आठवडा झाला. तुम्ही सगळे पाळी सोडून आलात. वहिनी मिरजगावहून आल्यात. वहिनी, तुमच्यासमोर पडद्याबद्दल बोलणं बरं दिसत नाही. पण भाऊंबद्दल बोलायचं तर मला दुसरं काही येत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. काट्याचा जुना प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालावा म्हणून भाऊंनी जुन्या पडद्याची नक्कल करणारा पडदा बसवला. त्याच्याकडे दोन संच असतात, एक अक्षरांचा, एक रेघांचा. चौकट काढायची असली की त्याला खूण जाते, रेघांकडे जा. चौकट झाली की दुसरी खूण, अक्षरांकडे परत ये. ती दुसरी खूण वाटेत हरवली, की पुढचं प्रत्येक नाव रेघा आणि चौकोन होऊन उमटतं. आकडे शाबूत राहतात. गाडी काट्यावर उभी असते, वजन दिसतं, ऊस कोणाचा ते दिसत नाही.

भाऊ म्हणायचे, "रेघांकडं आपनच धाडलं ना? मग मुराळी बी आपनच धाडायचा. लेक सासरवरनं आपली आपन येती व्हय?"

सिंधूताई विचारायच्या, "आन् मुराळीच वाटेत चहाला थांबला तर?"

"म्हनून तर तपासायचं, ताई."

आणि ते तपासायचे. वहीत सात ओळी होत्या. पाठवायचं, परत आणायचं. दोनदा पाठवायचं, एकदाच आणायचं. अशा सहा ओळी, आणि प्रत्येकीपुढं त्यांच्या अक्षरात, 'मुराळी पोचला'. सातवी ओळ अवघड. चौकट अर्धी असताना केबल उपटायची, पुन्हा जोडायची, आणि अक्षरं येतात का बघायचं. सातवीपुढं काही लिहिलेलं नाही.

आम्हाला एक खोड आहे. बिघडलं की बंद करून चालू करायचं. भाऊ चिडायचे. "तेनं दुखनं जात न्हाई, झाकतं. हात लावू नका. मला बघू द्या."

ते गेले त्या दिवशी त्यांच्या छातीत दुखलं. बाकावर तासभर बसले, पाणी प्याले, दुखायचं थांबलं. मी म्हणालो, श्रीगोंद्याला डॉक्टरकडे जाऊ. म्हणाले, "आता न्हाई दुखत."

मंडळी, ते झाकलं होतं. जे आम्हाला कधी करू दिलं नाही, ते त्यांनी स्वतःच्या छातीशी केलं. आणि मी? मी म्हणालो, "बरं, मग सातवी उरकून घ्या."

वहिनी, तुम्ही विचारलंत, शेवटी काय म्हणाले. केबल त्यांच्या हातात होती. पडद्यावर रेघा होत्या. म्हणाले, "थांबा, आता येईल." आणि खाली बसले.

त्यांना उचलायच्या गडबडीत आमच्यातल्याच कोणीतरी मशीन बंद केलं. सवयीनं. अक्षरं आली असती की नसती, कोणालाच कळलं नाही.

आज सकाळी मी सिंधूताईंना विचारलं, "बंद केलं का?"

"न्हाई साहेब. हात लावला न्हाई. भाऊ वरडले असते."

पडदा अजून तसाच चालू आहे. मी दुपारभर त्याच्यासमोर बसलो होतो. वही उघडी होती. मला काही करता आलं नाही.

उद्या सकाळी पुण्याहून एक जाणकार यायचे आहेत. फोनवर म्हणाले, बघतो, शब्द देत नाही. सोमवारी बॉयलर पेटेल. बुधवारी पहिल्या गाड्या येतील. तोवर जमलं नाही, तर सिंधूताई चिठ्ठ्या हातात घेऊन एकेक नाव मोठ्यानं पुकारतील. उद्यापर्यंत काटाघरातलं ते बटण कोणी दाबू नका, एवढीच विनंती.

आता भाऊंसाठी उभे राहू या. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका.