आमचा जुना लेफ्ट बॅक

ग्लेनकारीच्या फुटबॉल मैदानावर मध्यंतर संपलं, तरी मटण-पाईची रांग हलत नव्हती. माझ्यापुढे दोन म्हातारे होते, एक आमचा, एक पाहुण्या संघाचा.

"मॅकरॉबी आता तुमच्याकडे ना?" आमच्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"हो. सातवा क्लब त्याचा."

"दोन वर्षं आमच्याकडे होता. शनिवारी सकाळी खाणीतली पाळी करून दुपारी खेळायचा. डोळ्यांच्या कडांना कोळसा तसाच!"

"अजूनही तसाच येतो. पण त्याला चुकवून कुणी पुढे जाऊन दाखवावं!"

"खरंय. गोल मात्र एकही नाही हो केला आमच्यासाठी."

तेवढ्यात मैदानावर गलका झाला.

"गोल! कुणी मारला रे?"

"मॅकरॉबीनं! लांबून!" कठड्यावरून कुणीतरी ओरडलं.

"अहो, गोल तुमच्यावर झाला आणि टाळ्या तुमचीच माणसं वाजवतायत?"

"वाजवू द्या की. दोन वर्षं 'मार रे, मार' म्हणून आमचे घसे बसले. आज ऐकलं लेकानं."